उन्हाने रापलेल्या कातडीतली म्यूटेशन्स: गोव्यात मोजायची तर नेमकं काय मोजायचं?

ताळगाव_पठार
नमस्कार. एमएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आखते आहे. कर्करोग झालेला नाही, पण वर्षानुवर्षं ऊन खाल्लेलं आहे अशा कातडीत किती आणि कसली म्यूटेशन्स (डीएनएतले कायमचे बदल) साचतात, हा विषय. एका बाजूला मिठागरात, खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात), रापणीवर (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर) राबणारे आणि रेंदेर (माडाची सूर काढणारे). दुसऱ्या बाजूला दुकानात-ऑफिसात बसणारे.

वाचताना तीन ठिकाणी अडले. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे दुपारचा यूव्ही इंडेक्स बाराच्या आसपास जातो, इंग्लंडमध्ये भर उन्हाळ्यातही तो सात-आठच्या वर क्वचितच. तरी कातडीचा कर्करोग तिकडेच कितीतरी जास्त. हे सगळं मेलॅनिनच्या (कातडीच्या रंगद्रव्याच्या) नावावर टाकून मोकळं होता येतं का, की डीएनए दुरुस्त करणारी जनुकंही वेगळी असतात? दुसरं, मार्गदर्शकांचं म्हणणं की पॅथॉलॉजीत पडून असलेले चेहऱ्याच्या कातडीचे जुने पॅराफिन ब्लॉक (फॉर्मलिनमध्ये मुरवून मेणात बसवलेले तुकडे) घे, डीएनए काढ, त्यातल्या सी या अक्षराचा टी झालेला जास्त दिसला की उन्हाचा परिणाम सिद्ध. इतकं सोपं आहे का? आणि तिसरं, 'उन्हात काम करणारे' हा गट ठरवायचा कशाच्या जोरावर?

पेशीपुराण
तुम्हाला हवी आहे तशी तुलना झालेली आहे, फक्त गोव्यात नाही. २०२३ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये ब्रिटन आणि सिंगापूर इथल्या वयस्क माणसांच्या चेहऱ्याच्या निरोगी कातडीवरचं काम छापून आलं. सिंगापूरला ऊन ब्रिटनच्या दुप्पट-तिप्पट, आणि बेसल सेल व स्क्वामस सेल या कातडीच्या कर्करोगांचं प्रमाण मात्र १७ पटींनी कमी. म्हणजे तुमचंच कोडं. कातडीत काय दिसलं? ब्रिटनच्या नमुन्यांत म्यूटेशनचा बोजा चौपट, त्यात अतिनील किरणांचा ठसा (त्यांनी घडवलेल्या बदलांची ठरावीक नक्षी) ठळक, गुणसूत्रांचे तुकडे कमी-जास्त होण्याचे प्रकारही जास्त, आणि टीपी५३ हे पेशीवर पहारा ठेवणारं जनुक बिघडलेल्या पेशींची चलती. सिंगापूरच्या नमुन्यांत बहुतेक म्यूटेशन्स पेशीच्या आतल्याच घडामोडींतून आलेली. तिथे नॉच१ आणि नॉच२ ही जनुकं बिघडलेल्या पेशी जास्त जोमाने पसरलेल्या.

यातला टीपी५३ चा मुद्दा नीट समजून घ्या, तुमच्या प्रकल्पाचा कणा तोच होऊ शकतो. ऊन नुसती म्यूटेशन्स पाडत नाही, ते निवडही करतं. जास्त मार बसलेली साधी पेशी टीपी५३ च्या हुकमाने मरते. टीपी५३ आधीच बिघडलेली शेजारीण मरत नाही, रिकामी झालेली जागा तिची संतती व्यापते. दर कडक उन्हागणिक तिला थोडी थोडी जागा मिळत जाते. मेलॅनिनने मारच कमी बसू दिला तर साध्या पेशी कमी मरतात आणि टीपी५३ वाल्या पेशींना ही संधी मिळत नाही. नॉच१ चं गणित वेगळं: तिथे बिघाड झालेली पेशी परिपक्व होऊन वर सरकण्याऐवजी तळच्या थरात ठाण मांडते, त्याला उन्हाची गरज लागत नाही. अन्ननलिकेच्या आतल्या थरातही वयाबरोबर नॉच१ वाले पुंजके (एकेका पेशीची संतती) भरपूर वाढतात, आणि तिथे कुठलं आलं ऊन! म्हणून 'म्यूटेशन्स किती' याच्या जोडीला 'टीपी५३ आणि नॉच१ यांचं आपसातलं प्रमाण काय' हे जरूर मोजा. नुसत्या आकड्यापेक्षा ते जास्त बोलकं आहे.

निरोगी कातडी म्हणजे कोरी पाटी, असं समजू नका. २०१५ मध्ये वेलकम सँगर इन्स्टिट्यूटच्या गटाने चार माणसांच्या पापण्यांच्या कातडीचे २३४ छोटे तुकडे करून ७४ जनुकं वाचली. ३,७६० म्यूटेशन्स निघाली. साधारण दर चार पेशींत एकीकडे कर्करोगाला हातभार लावू शकेल असं एखादं म्यूटेशन होतं, आणि चौघांपैकी कुणालाही त्या जागी गाठ नव्हती.

आता मेलॅनिन की दुरुस्ती. निसर्गानेच दोन्ही बाजूंचे नमुने दाखवलेले आहेत. झेरोडर्मा पिगमेंटोसममध्ये मेलॅनिन शाबूत, पण अतिनील किरणांनी जोडले गेलेले पिरिमिडीन (डीएनएतले सी आणि टी) कापून काढणारी यंत्रणा मोडलेली. अशा मुलांना सावळा रंग असूनही लहान वयातच चेहऱ्यावर गडद ठिपके आणि पुढे कर्करोग होतो. अल्बिनिझममध्ये (लोक त्याला जन्मजात कोड म्हणतात, पण तो कोडाहून वेगळा) उलट: दुरुस्ती उत्तम, मेलॅनिन नाही. तिथेही तरुणपणीच स्क्वामस सेल कर्करोग, मुख्यतः डोक्या-मानेवर. दोन्ही लागतात. पण धडधाकट माणसांच्या दोन समाजांमधला मोठा फरक रंगद्रव्याने समजतो. १९७९ च्या एका जुन्या मोजमापात काळ्या बाह्यत्वचेचं संरक्षण एसपीएफ १३ च्या आसपास आणि गोऱ्या बाह्यत्वचेचं ३ च्या आसपास निघालं होतं. आपण मधे कुठेतरी. शिवाय मेलॅनिन थरात नुसतं सांडलेलं नसतं, केराटिनोसाइटमध्ये (बाह्यत्वचेच्या मुख्य पेशीत) ते केंद्रकाच्या उन्हाकडच्या अंगाला टोपीसारखं बसतं. ज्या तळच्या पेशींतून पुढची संतती येते, त्यांना याचा फायदा सर्वांत जास्त.

भारतीयांमधली दुरुस्तीची जनुकं सरस आहेत, असं मात्र प्रकल्पात लिहू नका. तुमच्या नमुन्यांतून ते सिद्ध होणार नाही. ब्रिटन-सिंगापूरवाल्यांनीही संरक्षण देणाऱ्या जनुकांतल्या जन्मजात फरकांची शक्यताच तेवढी मांडली आहे.

मांडवीपार
गोव्यात आणखी एक भानगड आहे ना? पोर्तुगीज रक्त. ख्रिस्ती आणि हिंदू असे वेगळे गट नाही केले तर निकाल बिघडेल असं वाटतं.

पेशीपुराण
@मांडवीपार, ही समजूत गावोगाव ऐकू येते, पण जनुकांत तिला फारसा आधार नाही. गोवा, कुमठा आणि मंगळूर इथल्या रोमन कॅथलिक समाजावर हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेण्वीय जीवशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांचं काम २०२१ मध्ये आलं. वंश मुख्यतः इथलाच, गौड सारस्वतांच्या जवळचा, पोर्तुगीज मिश्रण नगण्य. आणि आपल्याकडे काही जण उजळ असतात त्याला युरोपी पूर्वज लागत नाहीत. एसएलसी२४ए५ या जनुकाचं उजळ रूप भारतीय उपखंडात हजारो वर्षांपासून मुरलेलं आहे, एकाच गावात, एकाच घरातही ते असतं-नसतं. ब्रिटनमधल्या जोखमीत ज्यांचा मोठा वाटा, ते एमसी१आर या जनुकाचे लाल केसवाले प्रकार. ते आपल्यात दुर्मीळ. तेव्हा धर्म किंवा जात बघून गट पाडण्यात अर्थ नाही. रंग मोजा. दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन लागत नाही तिथे, मेलॅनिन इंडेक्सचं यंत्र टेकवून तीन वाचनं घ्या आणि मधलं धरा. गालावर मोजाल तर जन्मजात रंग आणि रापलेपण यांची खिचडी होईल.

पॅराफिन_ब्लॉक
दुसऱ्या प्रश्नावर. नाही, सोपं नाही. आणि जुन्या ब्लॉकवर हा प्रकल्प उभा केलात तर फुकट जाण्याची शक्यता जास्त आहे. कारण एक नाही, तीन आहेत.

पहिलं, फॉर्मलिन स्वतःच सी-चा टी करून दाखवतं. फॉर्मलिनमध्ये आणि पुढे ब्लॉकमध्ये सायटोसिनचा अमिनो गट गळून त्याचं युरॅसिल होतं, आणि डीएनएच्या प्रती काढताना (पीसीआर) पॉलिमरेज हे एन्झाइम त्याला टी म्हणून वाचतं. तुम्ही शोधताय तोच बदल, तोही नेमका कमी प्रमाणात, म्हणजे तुमच्या खऱ्या म्यूटेशन्स जिथे असणार तिथेच. ब्लॉक जितका जुना, फॉर्मलिन जितकं वाईट, तितकी ही खोटी म्यूटेशन्स जास्त. बफर नसलेलं फॉर्मलिन उघडझाप करत महिनोन् महिने ठेवलं की त्यात फॉर्मिक आम्ल तयार होतं, पीएच उतरतो, आणि डीएनएचे १००-३०० बेसचे तुकडे उरतात. तुकडा शुक्रवारी संध्याकाळी टाकला आणि सोमवारी ग्रॉसिंगला (कापून तपासायला) घेतला, हेही सगळीकडे चालतं. निदानाला चालून जातं, सीक्वेन्सिंगला नाही.

युरॅसिल-डीएनए ग्लायकोसिलेज या एन्झाइमची प्रक्रिया आधी केली तर यातला मोठा भाग जातो. पण पूर्ण नाही. मिथाइल गट लागलेला सायटोसिन गळला की त्याचं थेट थायमिन होतं, युरॅसिल नाही, आणि एन्झाइमला ते दिसत नाही. म्हणून प्रक्रिया केल्यावरही सीजी या जोडीतले खोटे टी शिल्लक राहतात, आणि ते हुबेहूब वयाबरोबर साचणाऱ्या एसबीएस१ या ठशासारखे दिसतात. म्हणजे 'आपल्या कातडीत ऊन कमी, वय जास्त' असा निष्कर्ष फॉर्मलिननेच लिहून दिलेला असेल. प्रक्रिया केली नाही तर ठसा एसबीएस३० सारखा येतो, तो निदान ओळखता तरी येतो.

दुसरं कारण साध्या अंकगणिताचं. बाह्यत्वचेचा २ चौरस मिलिमीटरचा तुकडा घेतलात, त्यात ०.०५ चौरस मिलिमीटरचा म्यूटेशनवाला पुंजका आहे. क्षेत्रफळाचा अडीच टक्के. दोन प्रतींपैकी एकीतच बदल, म्हणून वाचनांत सव्वा टक्का. १०० पट खोलीने (तीच जागा १०० वेळा) वाचलंत तर एखादं वाचन सापडेल, त्यावर कोण विश्वास ठेवणार. १,००० पट वाचलंत तर बारा-तेरा, ते चालतं. आता हाच हिशेब पूर्ण जाडीच्या पॅराफिन सेक्शनला लावा. त्यात अंतस्त्वचा आली, रक्तवाहिन्या, फायब्रोब्लास्ट, लिम्फोसाइट आले. बाह्यत्वचेचा वाटा दहा टक्के धरला तर सव्वा टक्क्याचा ०.१२५ टक्का झाला, आणि साध्या सीक्वेन्सिंगची स्वतःची चूक साधारण त्याच पट्टीत असते. गेलं सगळं पाण्यात.

तिसरं, 'सी-चा टी' एवढ्यावर ऊन सिद्ध होत नाहीच. सी-च्या कुठल्या तरी एका बाजूला टी किंवा सी असायला हवा, कारण अतिनील किरण शेजारशेजारच्या दोन पिरिमिडीनना जोडतात. पण इथेही फसगत आहे. निव्वळ योगायोगानेही चारपैकी तीन सी-ना असा शेजारी मिळतोच. म्हणून ७५ टक्के हा आकडा पाहून खूश होऊ नका. उन्हाने घडलेल्या गाठींत हे प्रमाण ९० च्या वर असतं. खरा पुरावा सीसी-चं एकदम टीटी होणं. हे दुसऱ्या कारणाने क्वचितच होतं आणि फॉर्मलिनने तर सहसा नाहीच. दुसरा आधार साखळीच्या बाजूचा: ज्या साखळीवरून आरएनए लिहिला जातो तिची दुरुस्ती आधी होते, म्हणून सी-चे टी दुसऱ्या साखळीवर जास्त दिसले पाहिजेत. फॉर्मलिनला असा पक्षपात माहीत नाही. मोजक्या जनुकांच्या पॅनेलमध्ये एका माणसाची म्यूटेशन्स यासाठी अपुरी पडतात, गटातली सगळी एकत्र करून बघा.

मग करायचं काय? ताजी कातडी मिळवा. नेत्रविभागात वरची पापणी उचलण्याच्या शस्त्रक्रियेत, प्लास्टिक सर्जरीत चेहऱ्याच्या कातडीची जी पट्टी कापून टाकतात ती. थंड पीबीएसमध्ये (क्षारांच्या बफर द्रावणात) ठेवून त्याच दिवशी लॅबमध्ये. चरबी कात्रीने जमेल तितकी खरवडून काढा. मग २० मिलीमोलर ईडीटीएमध्ये ३७ अंशांवर दोन तास, आणि बोथट चिमट्याने बाह्यत्वचा सबंध पापुद्र्यासारखी सोलून येते. जाड कातडीला जास्त वेळ लागतो. घाईने ओढली तर केसांच्या मुळांशी फाटते आणि खाली अंतस्त्वचेचे ठिगळ लागून येतात, हे स्टीरिओ मायक्रोस्कोपखाली तपासा. पापुद्रा सपाट पसरून दोन-दोन चौरस मिलिमीटरच्या चौकटी आखून कापा, प्रत्येक तुकड्याचा क्रमांक आणि नकाशा ठेवा. शेजारच्या दोन तुकड्यांत तेच म्यूटेशन आलं तर तो एकच पुंजका रेषेवर कापला गेलेला असतो, दोनदा मोजायचा नाही. एका तुकड्यातून काहीशे नॅनोग्रॅम डीएनए मिळतो, पॅनेलला पुरतो. पैसे असतील तर दोन्ही साखळ्या स्वतंत्र वाचून पडताळणारं ड्युप्लेक्स सीक्वेन्सिंग करा, चुका कितीतरी पटींनी खाली येतात. महाग आहे.

ब्लॉकच वापरायचे असतील तर लेझरने फक्त बाह्यत्वचा कापून घ्या, दोन वर्षांच्या आतले ब्लॉक निवडा, आणि त्याच लॅबमध्ये त्याच काळात फॉर्मलिनमध्ये गेलेली, ऊन न लागणारी कातडी बरोबर चालवा. तिच्यात जो सी-टीचा थर दिसेल तो तुमचा फॉर्मलिनचा थर.

सावली_शोधक
तिसरा प्रश्न सगळ्यांत सोपा वाटतो आणि सगळे इथेच आपटतात. धंद्याचं नाव म्हणजे उन्हाचा डोस नव्हे.

गोव्याची रेखा साधारण ७३.८ अंश पूर्व, आणि आपलं घड्याळ चालतं ८२.५ वर. म्हणून माथ्यावरचा सूर्य इथे बाराला नाही, सरासरी साडेबारानंतर पाच मिनिटांनी येतो. फेब्रुवारीत पावणेएकच्या पुढे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून अठरा मिनिटांच्या सुमारास. ज्या किरणांनी पिरिमिडीन जोडले जातात ती यूव्हीबी त्याच्या आगेमागे दोन तासांत एकवटलेली. आता धंदे बघा. रेंदेर सूर उतरवायला माडावर चढतो ते मुख्यतः सकाळ-संध्याकाळ. रापण ओढणारे बऱ्याचदा पहाटे-सकाळीच मोकळे होतात, मग जाळी विणत सावलीत. मिठागरातला माणूस मात्र डिसेंबर-जानेवारीपासून पावसाच्या तोंडापर्यंत भर दुपारी आगरात असतो, कारण मीठ धरायला त्यालाही तेच ऊन लागतं. आणि सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मे महिन्याच्या सुरुवातीला, तेव्हा आभाळ स्वच्छ असतं. दुसऱ्यांदा येतो तो ऑगस्टच्या मध्याच्या आसपास, पण तेव्हा ढग. म्हणजे वर्षाचा बराचसा डोस नोव्हेंबर ते मे या महिन्यांत भरतो.

आकड्यांत: यूव्ही इंडेक्सला ०.०२५ ने गुणलं की चौरस मीटरला किती वॅट ते मिळतं. बाराचे ०.३ वॅट. तासाभरात १,०८० ज्यूल, म्हणजे जवळजवळ ११ एसईडी (कातडी लाल करणाऱ्या डोसचं एकक, चौरस मीटरला १०० ज्यूल). गोऱ्या, पहिल्या-दुसऱ्या प्रकारच्या कातडीला लाल व्हायला २-३ एसईडी पुरतात, हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या पर्यटकांच्या भाजलेल्या पाठी त्यातूनच. पण हा डोस आडव्या पृष्ठभागाचा. चेहरा उभा असतो, भर दुपारी कपाळ, नाक आणि खालचा ओठ जास्त खातात, पापणीची घडी फार कमी. पापणीची तुलना पापणीशीच करा. परावर्तनाचं भय लोक वाढवून सांगतात: कोरडी वाळू साधारण १५ टक्के, समुद्राचा फेस २५ च्या आसपास, शांत पाणी त्याहून कमी.

मोजायला पॉलिसल्फोन फिल्मचे बिल्ले येतात. कॉलरला लावायचे, संध्याकाळी ३३० नॅनोमीटरवर शोषण किती बदललं ते स्पेक्ट्रोफोटोमीटरवर बघायचं. घामाचे, मिठाचे डाग पडले की वाचन बिघडतं, म्हणून बिल्ला डिस्टिल्ड पाण्याने हलक्या हाताने पुसून वाळवूनच लावा यंत्राला. एप्रिलमधले चार-पाच दिवस आणि डिसेंबरमधले चार-पाच दिवस एवढं केलं तरी गट ठरवायला पुरे. त्याला जोड म्हणून विचारा: दुपारी बारा ते तीन कुठे असता, डोक्याला काय असतं, किती वर्षं. 'उन्हात काम करता का' असं विचारलं तर गोव्यात सगळे 'हो' म्हणतात.

वय जुळवा, फरक पाच वर्षांच्या आत ठेवा. आणि विश्लेषणात एकक माणूस धरा, तुकडा नव्हे. सहा माणसांचे तीनशे तुकडे म्हणजे तीनशे निरीक्षणं नव्हेत, सहाच.

ताळगाव_पठार
देव बरें करूं सगळ्यांना. पापणीच्या शस्त्रक्रियेची कातडी मिळवण्यासाठी बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात, विचारते. मग जुन्या ब्लॉकचं काय करू? आणि एक बाजूचा प्रश्न: सहभागी लोकांना आम्ही कातडीच्या कर्करोगाची माहितीपत्रकं देणार आहोत. इंटरनेटवरची सगळी 'तीळ असमान आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का' अशीच आहेत. तीच भाषांतर करून द्यावीत का?

त्वचा_ओपीडी
तशीच्या तशी देऊ नका. ती पत्रकं गोऱ्या कातडीवरच्या, पाठीवर-पोटरीवर येणाऱ्या मेलॅनोमासाठी (रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींच्या कर्करोगासाठी) लिहिलेली आहेत. आपल्याकडे कर्करोग वेगळ्या जागी आणि वेगळ्या रूपात येतो.

मेलॅनोमा आपल्यात मुळात कमी, आणि होतो तो बहुधा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. जनुकांच्या पातळीवरही तो वेगळाच प्राणी आहे: उन्हाचा ठसा बहुधा नसतो, सुटी म्यूटेशन्स थोडी, पण गुणसूत्रांची मोडतोड प्रचंड. गोऱ्यांच्या मेलॅनोमात जवळपास निम्म्यांत सापडणारं बीआरएएफचं म्यूटेशन इथे बरंच कमी, केआयटीचं जास्त. हणजूणच्या बाजारात ज्याचे टी-शर्ट टांगलेले असतात तो बॉब मार्ली यानेच गेला. १९७७ मध्ये पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली निदान झालं, १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी मृत्यू. पत्रकावर हे टाकलंत तर तरुण पोरं निदान वाचतील तरी.

काय बघायचं ते असं लिहा. तळपायावरचा नवा किंवा पसरणारा काळा डाग. डर्मोस्कोपखाली (कातडी बघायच्या भिंगाखाली) रंग रेषांच्या उंचवट्यांवर असेल तर धोका, खाचांमध्ये असेल तर बहुधा साधा तीळ. नखात उभी काळी रेघ: सावळ्या माणसांत अनेक नखांना बारीक रेघा असणं नेहमीचंच. पण एकाच नखाला, तीन मिलिमीटरहून रुंद, काही महिन्यांत रुंदावलेली, किंवा रंग नखाबाहेरच्या कातडीवर उतरलेला, तर लगेच दाखवावं. बायॉप्सी नखाच्या पत्र्याची नव्हे, रेघ जिथून उगवते त्या मुळाची. नुसता पत्रा कापून पाठवला की अहवाल 'काही विशेष नाही' येतो आणि सहा महिने हातचे जातात.

स्क्वामस सेल कर्करोग आपल्याकडे बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागी उगवतो. भाजल्याचा जुना व्रण, कुष्ठरोगातली न भरणारी तळपायाची जखम, हाडातून वर्षानुवर्षं पू येणारं भोक. काश्मीरमध्ये कांगडीच्या धगीने पोटा-मांड्यांवर. आणि कमरेला, जिथे धोतराची गाठ किंवा परकराची नाडी रोज काचते आणि कातडी आधी काळी, मग खरखरीत होते. खाजनात वाकून काम करणाऱ्या बायकांना परकराची नाडी सैल, रुंद पट्टीची आणि रोज थोडी वर-खाली बांधायला सांगा. बरी न होणारी, उलट्या कडांची, पटकन रक्त येणारी जखम दिसली तर कडेचा तुकडा पाठवायचा, मधल्या कुजलेल्या भागाचा नाही.

उन्हाच्या जागी आपल्याकडे येतो तो बेसल सेल कर्करोग, नाकावर, डोळ्याच्या कोपऱ्याशी, गालावर. गोऱ्यांत तो मोत्यासारखा गुलाबी दिसतो, आपल्यात काळा. लोक त्याला मस किंवा तीळ समजतात. मग ब्युटी क्लिनिकमध्ये रेडिओफ्रिक्वेन्सीने जाळून घेतात, तपासायला तुकडा उरत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांनी तो खाली खोल पसरून परत येतो. चाळिशीनंतर चेहऱ्यावर नव्याने आलेला, हळूहळू वाढणारा, चकचकीत कडेचा काळा 'मस' जाळायचा नाही, आधी तीन-चार मिलिमीटरची पंच बायॉप्सी. लहान, साध्या जागचा असेल तर चार मिलिमीटर निरोगी कड सोडून काढला की बहुतेकदा काम संपतं. काळा असल्यामुळे कड दिसते तरी स्पष्ट, सर्जनला तेवढाच फायदा.

काजूच्या हंगामात हाता-तोंडावर सालीच्या तेलाचे काळे डाग घेऊन येणारे भरपूर असतात. ते भाजल्याचे असतात, दोन-तीन आठवड्यांत खपली पडते. न पडणारा डाग तेवढा दाखवा म्हणावं.

ताळगाव_पठार
सनस्क्रीनबद्दल काय लिहू? आणि कोड असलेल्यांना जास्त धोका, असं लिहायचं का?

त्वचा_ओपीडी
कोडाबद्दल तसं लिहू नका. गोऱ्या समाजांतल्या मोठ्या पाहण्यांत कोड असलेल्यांत मेलॅनोमा आणि इतर कर्करोग उलट कमीच आढळले. पांढरे डाग भाजतात, म्हणून त्यांना झाकायला सांगा, कर्करोगाची भीती घालू नका. अल्बिनिझमचं वेगळं: तिथे लहानपणापासून पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, आणि वर्षातून दोनदा अंगभर तपासणी.

सनस्क्रीनचा पुरावा चांगला आहे, पण तो ऑस्ट्रेलियातल्या नाम्बूर गावचा: रोज लावणाऱ्यांत स्क्वामस सेल कर्करोग सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले, बेसल सेल कमी झाले नाहीत. त्या कातडीचा फायदा आपल्या कातडीला जसाच्या तसा मोजून देता येणार नाही. डब्यावरचा एसपीएफ चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या जाडीवर मोजलेला असतो, म्हणजे चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीइतका पट्टा, दर दोन तासांनी. लोक त्याच्या पाव-निम्मं लावतात. मिठागरात घामात हे टिकत नाही, तिथे मानेवर पदर सोडलेली टोपी आणि सुती पूर्ण बाही यांचाच उपयोग. चेहऱ्यावरच्या वांगासाठी हवं असेल तर आयर्न ऑक्साइड घातलेलं रंगीत सनस्क्रीन लिहा, कारण वांग दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतो.

सहभागींच्या गोळ्या नोंदवा. ॲझाथायोप्रिन चालू असेल तर माणूस अभ्यासातून वगळा: त्याने डीएनएत शिरणारं थायोग्वानिन यूव्हीए शोषतं आणि स्वतःचा वेगळा ठसा सोडतं. गाजरगवताच्या ॲलर्जीला ही गोळी आपल्याकडे सर्रास देतात. रक्तदाबाच्या गोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायाझाइड नुसतं नोंदवून ठेवा. कुणी ते तुमच्या पत्रकामुळे बंद करणार नाही याची काळजी घ्या.

पॅराफिन_ब्लॉक
ब्लॉक टाकून देऊ नका. बेसल सेलच्या गाठींचे असतील तर उत्तम. गाठीत पेशी एकाच पुंजक्याच्या, म्हणून पीटीसीएच१, टीपी५३ मधली म्यूटेशन्स २०-४० टक्के वाचनांत दिसतात, फॉर्मलिनच्या चिखलाच्या कितीतरी वर. तिथे सीसी-चे टीटी मोजा. चेहऱ्यावरच्या गाठी विरुद्ध कमरेच्या किंवा भाजल्या व्रणातल्या स्क्वामस गाठी, एवढी एक तुलना केली तरी एमएस्सीला भरपूर झाली, आणि ताज्या कातडीची परवानगी येईपर्यंत हात रिकामे राहणार नाहीत. परवानगीला वेळ लागतो. संस्थेच्या एथिक्स कमिटीला आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे संमतीपत्र लागेल, कोकणीत आणि मराठीत दोन्ही, आणि उरलेल्या डीएनएचं पुढे काय करणार हा रकाना स्वतंत्र ठेवा. तो नसला की फाइल परत येते.

ताळगाव_पठार
शेवटचं. जन्मजात फरक वगळायला जोडीचा नमुना म्हणून रक्त घ्यायचं की गालाच्या आतला स्वॅब? स्वॅबला लोक पटकन तयार होतात.

पेशीपुराण
रक्त. स्वॅबमध्ये तोंडाच्या आतल्या थराचे स्वतःचे नॉच१ वाले पुंजके येतात, आणि तंबाखू-गुटखा खाणाऱ्यांत टीपी५३ चेही. ते तुम्ही 'जन्मजात' म्हणून वजा कराल. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन मिलिलिटर पुरे, हिरव्या झाकणाची हेपॅरिनवाली नको, पीसीआर अडतं. नळी चार अंशांवर ठेवून दोन-तीन दिवसांत डीएनए काढा. साठीपुढच्यांच्या रक्तातही डीएनएमटी३ए, टीईटी२ यांचे पुंजके असतात, पण ती जनुकं तुमच्या पॅनेलमध्ये ठेवूच नका, प्रश्न मिटला. टीपी५३ चं मात्र लक्ष ठेवा: तेच म्यूटेशन कातडीत एक टक्का आणि रक्तात तीन टक्के दिसलं, तर ते कातडीचं नाही, तुकड्यात राहिलेल्या रक्तपेशींचं आहे.